पाण्यात विरघळलेली धातू आणि फेसावर येणारे खनिज

महाराष्ट्राच्या गोंदिया जिल्ह्याला लागून असलेल्या बालाघाट जिल्ह्यात, मलांजखंड येथे हिंदुस्तान कॉपर लिमिटेडची तांब्याची खाण आहे. तेथील धातुकात तांब्याचे प्रमाण शेकडा एकाच्या आसपास असल्याने ते बारीक दळून पाण्यात मिसळले जाते, त्यात हवेचे बुडबुडे सोडले जातात आणि बुडबुड्यांना चिकटून वर आलेले सल्फाइड खनिजांचे कण फेसासह वेगळे काढले जातात. शालेय पुस्तकांतून परिचित असलेली फेनतरण पद्धत ती हीच. मात्र कोणता कण वर येईल, हे पाण्यात विरघळलेल्या धातूंच्या आयनांवर, म्हणजे विद्युतभारित अणूंवरही अवलंबून असते.

या पद्धतीत झँथेट हे गंधकयुक्त रसायन वापरतात. त्याच्या रेणूचे एक टोक कणाच्या पृष्ठभागावरील धातूला धरते आणि दुसरे टोक पाणी दूर ठेवते, त्यामुळे कण जलविरोधी होऊन बुडबुड्याला चिकटतो. तांब्याशी ही जोडणी घट्ट होते, परंतु जस्ताशी होणारे संयुग त्या मानाने सहज विरघळत असल्याने स्फॅलेराइट हे जस्ताचे सल्फाइड स्वतःहून फारसे तरंगत नाही. त्यात मोरचूद घातले की तांब्याचे आयन पृष्ठभागावरील जस्ताची जागा घेतात आणि कण झँथेट स्वीकारू लागतो. ऑस्ट्रेलियातील ब्रोकन हिल येथे विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात हाती आलेल्या या युक्तीवर जस्ताचे फेनतरण आजही उभे आहे.

हेच आयन अवेळी आले, तर मात्र नुकसान करतात. राजस्थानातील जावरसारख्या ठिकाणी शिसे व जस्त एकाच धातुकात असतात आणि आधी शिशाचे गॅलिना तरंगवून नंतर जस्त काढण्याची रीत आहे. धातुकातून सुटलेले तांब्याचे किंवा शिशाचे आयन पहिल्याच टप्प्यात स्फॅलेराइटला जागे करतात आणि जस्त शिशाच्या फेसात जाते. तांब्याच्या धातुकात अशीच अडचण पायराइट या लोहाच्या सल्फाइडमुळे येते. तांब्याचे आयन बसलेला पायराइटही तरंगू लागतो, म्हणून चुन्याने पाण्याचा सामू वाढवतात, ज्यामुळे पायराइटवर लोहाच्या हायड्रॉक्साइडचा व कॅल्शियमचा थर बसून त्याचे तरंगणे रोखले जाते. उलट, दळणाऱ्या पोलादी गोळ्यांतून सुटलेले लोह हायड्रॉक्साइड होऊन मौल्यवान खनिजावरच बसले, तर तांबे तळाशी वाया जाते.

वापरलेले पाणी पुन्हा वापरणे आज अनिवार्य आहे, परंतु फेरीगणिक त्यात आयन साठत जातात. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतीय खाण ब्यूरोच्या प्रयोगशाळांसारख्या ठिकाणी धातुकांची परीक्षा होते, पण कोणतीही परीक्षा केवळ स्वच्छ पाण्यात झाली, तर प्रत्यक्ष कारखान्यातील निकाल तिच्याशी जुळेलच असे नाही. म्हणून प्रत्येक कारखान्याने धातुकाइतक्याच काटेकोरपणे पाण्याचेही रासायनिक पृथक्करण केले पाहिजे. पाण्याची बचत आणि धातूची बचत एकत्र साधण्याचा खात्रीचा आधार तोच आहे.