ग्रामीण धर्मग्रामातील सामाजिक कार्यक्रम व सामुदायिक जीवन : मिरजगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

सारांश

ग्रामीण भागातील चर्चकडे केवळ उपासनेचे स्थान म्हणून पाहण्याची पद्धत रूढ आहे. प्रत्यक्षात पंगत, भजन, यात्रा, विवाह, दफन, श्रमदान आणि महिला मंडळ यांतून ते एका लहान समाजघटकाचे सार्वजनिक जीवन घडवत असते. प्रस्तुत लेखात अहिल्यानगर (२०२४ पर्यंतचे अहमदनगर) जिल्ह्याच्या दक्षिण भागातील मिरजगाव परिसराची भौगोलिक व आर्थिक चौकट समोर ठेवून अशा कार्यक्रमांचे स्वरूप, त्यांचे कालचक्र आणि त्यांच्यासमोरील प्रश्न यांचे विवेचन केले आहे.

बीजसंज्ञा : धर्मग्राम, मंडळी, पंगत, ऊसतोड स्थलांतर, यात्रा, पाणलोट विकास, सामाजिक ओळख.

१. प्रस्तावना

मिरजगाव हे कर्जत तालुक्यातील, अहिल्यानगर-सोलापूर रस्त्यावरील एक मोठे गाव. हा सारा टापू पर्जन्यछायेचा आहे. पावसाची सरासरी कमी आणि तिचा भरवसा त्याहून कमी, अशी येथील शेतीची जुनी अवस्था. त्यामुळे ज्वारीवर उभे असलेले कोरडवाहू जीवन, दुष्काळाची आठवण आणि पोटासाठी बाहेर पडण्याची सवय या तीन गोष्टी येथील प्रत्येक सामाजिक संस्थेवर, मग ती देवस्थान असो, सहकारी सोसायटी असो वा चर्च असो, आपला ठसा उमटवतात. अशा प्रदेशात संख्येने लहान असलेला ख्रिस्ती समाज एकत्र कसा येतो, कोणत्या निमित्ताने येतो आणि त्या एकत्र येण्यातून गावाशी त्याचे नाते कसे बनते, हा या लेखाचा विषय आहे.

२. संज्ञा व रचना

कॅथलिक परंपरेत एका धर्मगुरूच्या देखरेखीखालील भूप्रदेश व तेथील श्रद्धावंत यांना मिळून ‘धर्मग्राम’ म्हणतात. अनेक धर्मग्रामांचा मिळून धर्मप्रांत होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील कॅथलिक धर्मग्राम पूर्वी पुणे धर्मप्रांतात होते. १९८७ मध्ये नाशिक धर्मप्रांत स्वतंत्र झाल्यावर ते त्यात आले. प्रोटेस्टंट परंपरेत ‘मंडळी’ हा शब्द रूढ असून तिचा कारभार पाळक व निवडलेले पंच मिळून पाहतात. उत्तर भारतातील अनेक प्रोटेस्टंट पंथांचे एकीकरण होऊन १९७० मध्ये चर्च ऑफ नॉर्थ इंडिया अस्तित्वात आले. याशिवाय मुक्तिफौजेचे कार्यही या जिल्ह्यात दीर्घकाळ आहे.

ग्रामीण धर्मग्रामाचे वैशिष्ट्य असे की तो एका गावात मावत नाही. चर्चची इमारत एका बाजारगावी असते आणि श्रद्धावंतांची घरे आसपासच्या अनेक वाड्यावस्त्यांवर पाच-दहा, पाच-दहा अशी विखुरलेली असतात. शहरी चर्चमध्ये शेजार आधीच असतो आणि चर्च त्यात भर घालते. ग्रामीण धर्मग्रामात मात्र चर्चचा कार्यक्रम हाच शेजार निर्माण करतो. वर्षातून चार-सहा वेळा भरणारी ही एकत्रता नसेल, तर सोयरीक जुळणे, कर्जाला जामीन मिळणे, अडचणीत धावून जाणे या गोष्टी अवघड होतात.

३. ऐतिहासिक पार्श्वभूमी

अमेरिकन मराठी मिशनने अहमदनगर येथे १८३१ च्या अखेरीस आपले केंद्र स्थापन केले व १८३३ मध्ये तेथे मंडळी उभी राहिली. मिस सिंथिया फॅरार यांच्या मुलींच्या शाळा आणि १८४२ मध्ये अहमदनगरातच सुरू झालेले ‘ज्ञानोदय’ नियतकालिक ही त्या आरंभकाळाची ठळक चिन्हे होत. पुढे नेवासे तालुक्यातील वडाळा, राहुरी आदी ठिकाणी केंद्रे झाली. जेझुइट धर्मगुरूंचे, प्रथम जर्मन व नंतर स्विस, कार्य एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून जिल्ह्याच्या उत्तर भागात वाढले. १८७६ ते १८७८ व १८९९-१९०० या दुष्काळांनी मिशनकार्याला मदतकार्याचे रूप दिले. धर्मांतरितांत महार व मांग समाजांतील कुटुंबांचे प्रमाण मोठे होते.

या इतिहासाचे दोन परिणाम आजच्या सामाजिक कार्यक्रमांत दिसतात. पहिला असा की, शाळा, वसतिगृह आणि दवाखाना यांची चर्चशी पडलेली सांगड लोकांच्या मनात पक्की झाली. दुसरा परिणाम सांस्कृतिक आहे. उपासनेची भाषा व चाल मराठी मातीतलीच असावी, हा आग्रह येथे लवकर धरला गेला. कृष्णराव सांगळे यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा रुजवली. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांच्या पदांनी ‘उपासना संगीत’ समृद्ध झाले. कॅथलिक उपासनेत स्थानिक भाषेला पूर्ण वाव दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–१९६५) मिळाला. परंतु टाळ, मृदंग आणि पेटीवरचे भजन ही त्याआधीपासूनची लोकांची स्वतःची गोष्ट होती.

४. कार्यक्रमांचे कालचक्र : उपासनावर्ष आणि ऊसतोड

ग्रामीण धर्मग्रामाचे वर्ष समजून घ्यावयाचे तर दोन दिनदर्शिका शेजारी ठेवाव्या लागतात. एक उपासनावर्षाची : आगमनकाळ, नाताळ, प्रायश्चित्तकाळ, झावळ्यांचा रविवार, उत्तम शुक्रवार व पुनरुत्थानाचा सण. दुसरी शेतीची व मजुरीची.

कर्जत, जामखेड, पाथर्डी हे तालुके आणि शेजारील बीड जिल्ह्यातील आष्टी, पाटोदा हा ऊसतोड मजुरांचा पट्टा आहे. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात आणि हंगाम संपेपर्यंत कारखान्याच्या परिसरात कोप्या करून राहतात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. म्हणजे तोडणीस एकटा पुरुष जात नाही, संसार जातो. गाळपाचा हंगाम साधारणतः ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल असा चालतो.

या दोन दिनदर्शिका एकमेकींवर ठेवल्या की एक विसंगती लक्षात येते. ख्रिस्ती वर्षातील सर्वांत मोठा कौटुंबिक सण, नाताळ, नेमका गाव रिकामे असताना येतो. पुनरुत्थानाच्या सणाची तिथी चंद्रावर अवलंबून असल्याने तो २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही पडतो. २०२४ मध्ये तो ३१ मार्चला होता, २०२५ मध्ये २० एप्रिलला. सण लवकर आला तर उशिरापर्यंत चाललेल्या कारखान्यावरचे कुटुंब त्याला मुकते. उशिरा आला तर बहुधा सर्व जण घरी असतात. उपासनेच्या दृष्टीने हा फरक गौण आहे. सामाजिक दृष्टीने तो निर्णायक ठरतो. ज्या धर्मग्रामातील बरीच कुटुंबे तोडणीस जातात, तेथे नाताळगीतांच्या घरभेटी, मुलांचे नाटक व गव्हाणीची सजावट हे कार्यक्रम वृद्ध आणि मागे राहिलेली मुले यांच्यावर येऊन पडतात. याउलट विवाह, मुलांचा प्रथम ख्रिस्तप्रसाद, बायबल शिबिरे, युवक मेळावे यांना एप्रिल-मे महिने सोयीचे ठरतात.

पिकांशी जोडलेला कापणीचा सण या चौकटीत विशेष अर्थपूर्ण आहे. त्या दिवशी धान्य, भाजी, अंडी, कोंबडी, जे घरात असेल ते वेदीपाशी अर्पण होते व नंतर त्याचा लिलाव होऊन रक्कम मंडळीच्या कामी येते. ज्याच्याकडे रोख पैसा नाही तोही दाता ठरतो, हे या प्रथेचे सामाजिक मर्म होय. लिलावात एखाद्या म्हातारीने आणलेल्या भोपळ्याला बाजारभावाच्या कितीतरी पट बोली लागते, तेव्हा किंमत भोपळ्याची होत नसते.

५. पंगत, विवाह आणि दफन

सणाच्या दिवशीची सामुदायिक पंगत हा धर्मग्रामाचा सर्वांत साधा व सर्वांत जुना सामाजिक कार्यक्रम. ज्या समाजात कोण कोणाच्या हातचे खातो यावरून माणसाची पायरी ठरत होती, तेथे निरनिराळ्या जातींतून आलेल्यांनी एका ओळीत बसून जेवणे हे धर्मोपदेशापेक्षा प्रभावी विधान होते. मात्र ही समता पंगतीपाशी थांबते की सोयरिकीपर्यंत पोहोचते, हा प्रश्न अभ्यासकाने विचारावयास हवा. पूर्वाश्रमीच्या जातीबाहेर विवाह करण्यास ख्रिस्ती कुटुंबेही अनेकदा कचरतात. म्हणजेच पंगत ही समतेची सुरुवात आहे. तिचा पुरावा नव्हे.

विवाहाच्या बाबतीत चर्च सामाजिक नोंदणी कार्यालयाचेही काम करते. कॅथलिक प्रथेत नियोजित विवाहाची सूचना प्रार्थनेच्या वेळी वाचून दाखवतात, जेणेकरून हरकत असल्यास ती पुढे यावी. भारतीय ख्रिस्ती विवाह अधिनियम, १८७२ नुसार विवाहाची नोंद होते. बाप्तिस्मा, विवाह व दफन यांच्या नोंदवह्या या ग्रामीण कुटुंबांच्या दृष्टीने अनेकदा सर्वांत जुने लेखी पुरावे ठरतात. दफनभूमीचा प्रश्न तर अधिकच नाजूक. लहान समाजाला गावाच्या जमिनीत हक्काची जागा असणे, ही त्याच्या गावकीतील स्थानाची खूण होय.

६. यात्रा : धर्मग्रामाबाहेरचे एकत्र येणे

श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे १९४९ पासून भरणारी मतमाउलीची यात्रा हे जिल्ह्यातील ख्रिस्ती समाजाचे सर्वांत मोठे संमेलन. मरियेच्या जन्मोत्सवाच्या, म्हणजे ८ सप्टेंबरच्या, आगेमागे ती भरते व त्याआधी नऊ दिवसांची नोव्हेना असते. नवस, पायी दिंड्या, मेणबत्त्या, खेळण्यांची दुकाने, मुक्कामाची माणसे हे सारे रूप महाराष्ट्रातील कोणत्याही यात्रेसारखे आहे. कर्जत तालुक्यातच राशीनची देवी आणि सिद्धटेकचा गणपती ही स्थाने आहेत. या टापूतील माणसाला यात्रेचे व्याकरण कोणी शिकवावे लागत नाही. हरेगावला ख्रिस्तेतर भाविकही मोठ्या संख्येने जातात, याचे कारण यातच सापडते.

यात्रेच्या काळाचाही विचार करावा. सप्टेंबर हा तोडणीला निघण्याच्या आधीचा महिना. त्यामुळे दूरच्या धर्मग्रामातील कुटुंबाला नाताळात न मिळणारी नातेवाइकांची भेट येथे मिळते. ही सोय कोणी योजलेली नाही. परंतु उपयोग झाल्याने ती टिकली, असे म्हणता येईल.

७. मदतीकडून सहभागाकडे

चर्चच्या सामाजिक कार्याची जुनी रीत मदतवाटपाची होती. १९७०-७३ च्या दुष्काळाने तिची मर्यादा उघड केली : धान्य वाटले तरी पुढच्या वर्षी विहीर कोरडीच राहते. स्विस जेझुइट फादर हर्मन बाकर यांनी अहमदनगरच्या सोशल सेंटरमार्फत आणि पुढे इंडो-जर्मन पाणलोट विकास कार्यक्रमातून जे काम केले, त्याने ही दिशा बदलली. १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘वॉटरशेड ऑर्गनायझेशन ट्रस्ट’ ही संस्था त्याच विचाराचे फळ. येथे एकक धर्मग्राम नव्हता, संपूर्ण गाव होते. अट होती ती श्रमदानाची आणि चराई व वृक्षतोड थांबवण्याची. पाणी माथ्यापासून पायथ्यापर्यंत अडवावयाचे तर शेताच्या मालकाचा धर्म विचारून चालत नाही.

शेजारच्या जामखेडचे उदाहरण तितकेच बोलके आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये तेथे सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावातीलच, बहुधा निरक्षर व दलित समाजातील स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून प्रशिक्षण देणे, शेतकरी मंडळे व महिला मंडळे उभी करणे ही त्यांची पद्धत. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. ही दोन्ही कामे कोणत्या एका चर्चचे कार्यक्रम नव्हेत. तथापि ख्रिस्ती प्रेरणेने सुरू झालेले काम सर्व गावाचे कसे होते, याचे ते पाठ आहेत. धर्मग्रामातील महिला मंडळ प्रार्थनासभेपुरते राहते की बचत गट, आरोग्य आणि मुलींचे शिक्षण यांपर्यंत जाते, हे मोजण्याची पट्टी येथे मिळते.

८. ओळखीचा प्रश्न

या सर्व कार्यक्रमांवर एका कायदेशीर वास्तवाची छाया आहे. संविधान (अनुसूचित जाती) आदेश, १९५० मधील परिच्छेद ३ नुसार अनुसूचित जातीचा दर्जा आरंभी हिंदूंपुरता होता. १९५६ मध्ये शीख व १९९० मध्ये बौद्ध धर्मीयांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती व मुस्लिम धर्मीयांचा नाही. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी केंद्र सरकारने २०२२ मध्ये माजी सरन्यायाधीश के. जी. बालकृष्णन यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सी. सेल्वराणी प्रकरणात, प्रत्यक्षात ख्रिस्ती धर्माचे आचरण करणाऱ्या व्यक्तीस केवळ आरक्षणासाठी हिंदू असल्याचा दावा करता येणार नाही, असा निर्णय दिला.

याचा चर्चच्या अंगणातील कार्यक्रमाशी थेट संबंध आहे. जात दाखल्यावर ज्याच्या मुलाची शिष्यवृत्ती अवलंबून आहे, त्याच्या दृष्टीने नाताळच्या मिरवणुकीत पुढे चालणे, पंचांच्या यादीत नाव असणे किंवा सामुदायिक छायाचित्रात दिसणे हा केवळ भक्तीचा विषय राहत नाही. पंगतीला येणारा आणि नोंदवहीत नसणारा, प्रार्थनेला मागे उभा राहणारा माणूस कोणत्याही आकडेवारीत धड सापडत नाही. त्याला ढोंगी म्हणणे सोपे आहे. परंतु जातीमुळे वाट्याला आलेले दारिद्र्य धर्म बदलल्याने संपत नाही, हे त्याचे मागे उभे राहणेच सांगत असते.

९. निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील गोष्टी स्पष्ट होतात. (१) विखुरलेल्या ग्रामीण ख्रिस्ती समाजात सामाजिक कार्यक्रम हे उपासनेचे परिशिष्ट नसून समाज टिकवण्याचे साधन आहे. (२) या कार्यक्रमांचे यश उपासनावर्षापेक्षा मजुरीच्या वर्षावर अधिक अवलंबून असते. म्हणून धर्मगुरू, पाळक व पंच यांनी नाताळची एखादी प्रार्थना व पंगत कारखान्याच्या तळावरील कोप्यांजवळ घेणे, किंवा हंगामानंतर परतलेल्यांचा वेगळा मेळावा भरवणे, हे परंपरेला सोडून होणार नाही. (३) गावाशी नाते पाणी, आरोग्य व शिक्षण या सामाईक प्रश्नांतून घट्ट होते. (४) कायदेशीर ओळखीचा प्रश्न सुटेपर्यंत सहभागाची आकडेवारी जपूनच वाचली पाहिजे.

ग्रामीण महाविद्यालयांतील समाजशास्त्र, इतिहास, अर्थशास्त्र व मराठी या विभागांना येथे एकत्रित अभ्यासाचे क्षेत्र उपलब्ध आहे. धर्मग्रामांच्या नोंदवह्या, कीर्तनाच्या हस्तलिखित वह्या आणि ऊसतोडीस जाऊन आलेल्या वृद्ध स्त्री-पुरुषांच्या मौखिक आठवणी अद्याप हाती लागण्याजोग्या आहेत. वह्या वाळवीच्या आणि आठवणी वयाच्या हवाली होण्यापूर्वी त्यांचे संकलन सुरू करणे, हे जिल्ह्यातील प्राध्यापकांच्या आवाक्यातील काम आहे.