विश्लेषण : दादरचे ‘आगर’ कुठे गेले? बागायती मुंबईतील घरांचे काय झाले?

दादरच्या आगर बाजारातून रोज हजारो लोक ये-जा करतात. तिथे आगर कुठे आहे, हा प्रश्न कुणाला पडत नाही. कोकणात आगर म्हणजे नारळ-पोफळीची बाग. मीठ पिकवण्याच्या जागेलाही आगरच म्हणतात. दादरला आता दोन्ही नाही. बागायतदारांची जुनी घरे कशी असत हे पाहायचे, तर स्लो लोकल पकडून चर्नी रोडला उतरावे लागते.

‘वाडी’ म्हणजे नेमके काय?

पोर्तुगीज भाषेत ‘होर्टा’ म्हणजे बाग. त्यावरून इंग्रजांच्या दफ्तरात मुंबईतल्या माडांच्या बागांना ‘ओआर्ट’ म्हटले जाऊ लागले. मराठीत त्यासाठी शब्द होता वाडी. बागही वाडी आणि बागेतली वस्तीही वाडी. गिरगावात फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी ही नावे अजून पत्त्यावर आहेत; झाडे नाहीत.

दादरमध्ये काय घडले?

१८९६ च्या प्लेगनंतर, १८९८ मध्ये मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्याच्या दादर-माटुंगा योजनेत सरळ रस्ते आखून प्लॉट पाडले गेले. हिंदू कॉलनी, पारसी कॉलनी त्यातूनच उभ्या राहिल्या. पश्चिमेला १९२५ मध्ये शिवाजी पार्कचे मैदान झाले आणि भोवती इमारती आल्या. गिरगावच्या अरुंद गल्ल्या अशा आखणीतून सुटल्या, म्हणून तिथे खोताची वाडी उरली.

खोताची वाडी कुणाची?

दादोबा वामन खोत या पाठारे प्रभू जमीनदाराच्या नावावरून हे नाव पडले. त्यांच्या जमिनीवर ईस्ट इंडियन ख्रिस्ती कुटुंबांनी घरे बांधली. पुढे मराठी हिंदू कुटुंबेही शेजारी आली. त्यामुळे इथे क्रूस आणि तुळशीवृंदावन एकाच गल्लीत दिसते.

घराची रचना कशी?

या घरांना सरसकट ‘पोर्तुगीज पद्धतीची’ म्हणतात. पण नीट पाहिले तर त्यात कोकणातले घरही ओळखू येते. पुढे ओटीसारखा उघडा व्हरांडा. लाकडी खांब, नक्षीदार कठडे, उतरते कौलारू छप्पर. मंगळूरला बासेल मिशनचा कौलांचा कारखाना १८६५ मध्ये सुरू झाला, तेव्हा एकसारखी, एकमेकांत बसणारी कौले कोकण किनाऱ्यावर सगळीकडे पोहोचली. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडणाऱ्या शहरात उतरते छप्पर ही हौस नव्हे. पाणी साचतच नाही.

सर्वात लक्षवेधी आहे तो बाहेरचा जिना. तो घरात नसून दर्शनी बाजूला आहे. आतली जागा वाचते आणि वरचा मजला वेगळ्या कुटुंबाला स्वतंत्रपणे वापरता येतो. आजच्या भाषेत दोन स्वतंत्र फ्लॅटच. मोठ्या खिडक्यांतून वारा आत येतो, गरम हवा उंच छपराकडे जाते. पंखा नसलेल्या काळात हेच कूलिंग.

मग अडचण काय?

वाडीत मूळ ६५ घरे होती असे सांगितले जाते. आज त्यांतली निम्मीही नाहीत. लाकूड वाळवीने पोखरते, कौले दरवर्षी चाळावी लागतात, जुन्या पद्धतीचे सुतार मिळणे कठीण. दुसरीकडे जमिनीचा भाव. मालकाने विकले तर त्याला दोष देणे सोपे आहे, पण दुरुस्तीचा खर्च त्याच्याच खिशातून जातो.

मुंबईत १९९५ पासून वारसा नियमावली आहे. पण फक्त घर राखून भागत नाही, ही यातली खरी मेख. हे घर मोकळ्या बागेसाठी बांधलेले. शेजारी टॉवर उभा राहिला की वारा आणि उजेड दोन्ही अडतात. खिडकी तीच, उपयोग शून्य.

इतरत्र काय केले गेले?

कॅलिफोर्नियातील रिव्हरसाइड हे संत्र्याच्या बागायतदारांचे शहर. तिथेही शहर वाढले आणि बागा आटल्या. मात्र १९९३ मध्ये तिथे संत्रा बागायतीचे ऐतिहासिक उद्यान सुरू झाले. तिथे बाग म्हणूनच जपली आहे. १८७३ मधले एक मूळ झाड शहरातल्या चौकात अजून जिवंत आहे, रोगापासून वाचवण्यासाठी जाळीखाली ठेवलेले.

गिरगावात माड परत लावायला जागा नाही. खोताची वाडी पाहायला जाणार असाल, तर चर्नी रोडहून चालत जाता येते. घरे खासगी आहेत, लोक तिथे राहतात. व्हरांड्याचा फोटो काढण्याआधी विचारा.