शेवटची कधी घेतली?



‘नवऱ्याला समुपदेशकाकडे न्यायचंय, पण तिथं करतात तरी काय?’ असं गटाच्या बैठकीत बऱ्याच जणी विचारतात. काहींना वाटतं, तिथल्या ताई त्याला चांगलं झापतील. तसं होत नाही. पहिल्या भेटीत उपदेश जवळजवळ नसतोच. असतात ते प्रश्न. ते का विचारतात, ते आज बोलू.

सुरुवात झोप, जेवण, काम, कर्ज अशा साध्या गोष्टींनी होते. मग तंबाखू, मग दारू. ‘पिता का?’ म्हटलं की माणूस ‘कधीमधी’ म्हणून मोकळा होतो. म्हणून मोजून विचारतात : आठवड्यात किती दिवस, एका वेळी किती? जागतिक आरोग्य संघटनेची ‘ऑडिट’ नावाची १० प्रश्नांची यादी आहे. तिचे ० ते ४० गुण असतात. ८ किंवा जास्त आले की पिणं धोक्याचं धरतात. यात १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल म्हणजे एक माप. १८० मिलीच्या व्हिस्कीच्या क्वार्टरमध्ये ते साधारण ६० ग्रॅम असतं. म्हणजे ‘एकच क्वार्टर घेतो हो’ म्हणणारा एका बैठकीला सहा मापं घेतो!

पण माझ्या मते सगळ्यात मोलाचा प्रश्न वेगळाच आहे : शेवटची कधी घेतली, आणि सकाळी हात थरथरतात का? आपल्याकडे माळ घालून, शपथ घेऊन दारू सोडतात. सोडावीच. पण रोज भरपूर पिणाऱ्याचं शरीर दारूला सरावलेलं असतं. एकदम तोडली तर काही तासांत थरथर, घाम, उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन-तीन दिवसांनी भ्रम होतो, नसलेली माणसं दिसतात. घरचे म्हणतात बाहेरचं झालं, आणि देवऋष्याकडे वेळ जातो. हा जिवावरचा प्रसंग आहे, दवाखान्यातच न्यायचं. माळ घालायची असेल तर आधी डॉक्टरांना भेटून घाला.

घरात कुठलं औषध चालू आहे, हेही विचारतात. तिथं लपवू नका. चहातून गुपचूप द्यायच्या गोळ्या मिळतात. त्यात डायसल्फिरॅम असेल आणि वर दारू पोटात गेली, तर धडधड, उलट्या, रक्तदाब कोसळणं, क्वचित मृत्यूही. हे औषध त्याला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीतच देतात.

मग बाईला एकटीला बसवून बोलतात. मारहाण होते का? तो जीव द्यायचं बोलतो का? असं विचारल्यानं डोक्यात नसलेला विचार शिरत नाही, उलट मन मोकळं होतं. उत्तर ‘हो’ असेल तर फवारणीचं औषध त्याच दिवशी घराबाहेर, दुसऱ्याकडे कुलपात ठेवायला सांगतात.

वडील पीत होते का, कितव्या वर्षी सुरुवात झाली, हे विचारतात ते दोष द्यायला नाही. घरात व्यसन असलं, कोवळ्या वयात चव लागली, तर धोका वाढतो. वाढतो म्हणजे ठरलेलाच असतो असं नाही.

आणि बायांनो, ताई तुम्हालाही विचारतील. ‘आम्हाला कसलं व्यसन?’ म्हणताना मिश्रीची डबी पदराआड असते! मिश्री म्हणजे भाजलेला तंबाखूच. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत ती लागत असेल तर सवय पक्की झाली समजा. गरोदर बाईच्या मिश्रीनं बाळ कमी वजनाचं होऊ शकतं, तेव्हा सुनेलाही विचारा, पण चारचौघींत नको.

जाताना चालू औषधांची पाकिटं सोबत घ्या. जायला जमत नसेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मनाच्या त्रासासाठी टेली-मानसचा १४४१६, हे दोन्ही सरकारी नंबर फुकट लागतात.