काचपेटीतील पाणी आणि गावची बावखले

१९५१ साली मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय खुले झाले आणि काचेआड पोहणारा मासा पाहण्याची गोडी असंख्य मराठी कुटुंबांना लागली. आज वसई तालुक्यातील कळंबसारख्या किनाऱ्यावरील गावांतही, जेथे मासा हा पिढ्यान्‌पिढ्या उपजीविकेचा विषय, तेथे तो दिवाणखान्यातील काचपेटीत शोभेसाठी वास्तव्य करू लागला आहे. ही हौस मला मनापासून प्रिय आहे. परंतु पेटी बिघडली की मालक आधी माशांकडे आणि मग औषधांच्या बाटल्यांकडे धावतो, पाण्याची विचारपूस मात्र कोणी करीत नाही, याचे वाईट वाटते.

माशांच्या कल्ल्यांवाटे, तसेच तळाशी कुजणाऱ्या विष्ठेतून व उरल्यासुरल्या दाण्यांतून अमोनिया हे विष पाण्यात अखंड उतरत असते. वाळूवर आणि फिल्टरच्या स्पंजावर वस्तीला आलेले सूक्ष्म जिवाणू त्याचे आधी नायट्राइटमध्ये आणि नंतर पुष्कळ कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही वस्ती जमण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. सबब पेटी भरल्या दिवशीच तीत डझनभर मासे सोडणे म्हणजे त्यांना मृत्यूच्या हवाली करणे होय. नळाच्या पाण्यातील क्लोरीन या उपकारक जिवाणूंचाही संहार करते, म्हणून स्पंज पेटीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा, आणि दर आठवड्यास सुमारे चतुर्थांश पाणी बदलताना नवे पाणी क्लोरीन घालवूनच भरावे.

समुद्र दारात असल्यामुळे कळंबकरांना आणखी एक मोह पडतो, तो म्हणजे किनाऱ्यावरची वाळू व शिंपले आणून गोड्या पाण्याची पेटी सजवण्याचा. शिंपल्यांतील चुना हळूहळू विरघळून पाणी जड व अल्कधर्मी होते, आणि अशा पाण्यात तोच अमोनिया अधिक जहाल ठरतो. तेव्हा ही सजावट कपाटातच शोभते.

उपद्रवी जीवांचा बंदोबस्त करावयाचा तर त्यांच्या आगमनाची वाट रोखणे हाच खरा उपाय. वनस्पतीच्या पानाची खालची बाजू उजेडात धरून पाहिली तर पारदर्शक चिकट गोळ्यात टिंबाएवढी अंडी दिसतात; त्यांतूनच पुढे गोगलगायींची पलटण निघते. माशांना जिवंत खाद्य हवे म्हणून डबक्यातून आणलेल्या पाणपिसवांबरोबर हायड्रा आणि माशांच्या अंगाला चिकटणाऱ्या उवाही घरात येतात. वनस्पती तुरटीच्या पाण्यात बुडवून, स्वच्छ धुऊन लावावी, आणि नवा मासा दोन-तीन आठवडे निराळ्या भांड्यात ठेवावा. गोगलगायी माजल्या तर दोष बहुधा दाणे टाकणाऱ्या हाताचा असतो; मासे दोन मिनिटांत संपवतील तेवढेच दाणे घालावे, आणि रात्री उकडलेल्या काकडीचा तुकडा तळाशी ठेवून पहाटे त्यावर जमलेल्या गोगलगायींसह उचलावा. तांबेयुक्त औषधाने त्या एकदम मरतात खऱ्या, परंतु त्यांची कुजणारी कलेवरे पाणी नासवतात आणि पेटीत कोळंबी असल्यास तीही बळी पडते.

अंगावर रव्याच्या कणांएवढे पांढरे ठिपके येऊन मासा दगडांवर अंग घासू लागला, तर तो परजीवीचा रोग समजावा. हा जीव माशाच्या त्वचेखाली दडलेला असतो तोवर औषध त्याला लागू पडत नाही. तो गळून तळाशी जातो, शतशः विभागतो, आणि त्याची पिले पोहत नवा मासा शोधू लागतात, तेवढ्याच अवधीत ती औषधाने मरतात. यास्तव ठिपके नाहीसे झाले म्हणून उपचार मध्येच थांबवू नयेत.

शेवटी, कंटाळलेल्या मालकाने पेटी कोठे रिकामी करावी हा प्रश्न वसईत फार महत्त्वाचा आहे. येथील बावखले, म्हणजे गावची छोटी तळी, पावसाचे पाणी जिरवतात आणि विहिरींना गोडवा देतात. त्यांत काच साफ करणारा परदेशी सकर मासा दयाबुद्धीने सोडला जातो, तो फूटभराहून मोठा वाढतो, काठ पोखरतो, आणि एकदा रुजला की निघत नाही. नको झालेला मासा दुकानदाराकडे किंवा दुसऱ्या हौशी माणसाकडे द्यावा, वनस्पती व गोगलगायी उन्हात पूर्ण वाळवून पुराव्यात, आणि नायट्रेटयुक्त पाणी, त्यात औषध वा मीठ घातलेले नसेल तर, खुशाल केळीच्या बुंध्याशी ओतावे.