सोडून जाण्यासाठी आलेलं सरकार

१९९९ सालच्या अखेरीस पूर्व तिमोरवर विमानांतून पत्रकं टाकण्यात आली. कुणी कायद्याचं शिक्षण घेतलेलं असेल, तर त्याने जवळच्या संयुक्त राष्ट्रांच्या कचेरीत किंवा आंतरराष्ट्रीय फौजेच्या ठाण्यावर येऊन भेटावं, असा मजकूर. आठवड्याभरात १७ जण आले, दोन महिन्यांत साठाच्या वर. पहिली बैठक राजधानीत, संसदेच्या इमारतीच्या पायऱ्यांवर भरली. जमलेल्यांपैकी एकानेही पूर्वी न्यायाधीश किंवा सरकारी वकील म्हणून काम केलेलं नव्हतं. जानेवारी २००० मध्ये त्यांच्यातूनच पहिले न्यायाधीश नेमले गेले.

अशी वेळ का आली? पोर्तुगीजांच्या या वसाहतीचा कारभार १८४४ पर्यंत गोव्याच्या हाताखाली चाले. १९७५ मध्ये पोर्तुगीजांनी काढता पाय घेतला आणि डिसेंबरात इंडोनेशियाचं सैन्य घुसलं. ३० ऑगस्ट १९९९ च्या सार्वमतात ७८.५ टक्के मतदारांनी इंडोनेशियातली स्वायत्तता नाकारली. त्याचा सूड लगेच उगवला गेला. लष्कराचं पाठबळ असलेल्या टोळ्यांनी गावंच्या गावं जाळली, हजारावर माणसं मारली. अडीच लाखांच्या आसपास लोक पश्चिम तिमोरात गेले किंवा नेले गेले. इंडोनेशियन अधिकारी, शिक्षक, न्यायाधीश सगळे परतले होते. मागे प्रशासन म्हणून काही उरलंच नव्हतं.

२५ ऑक्टोबर १९९९ रोजी सुरक्षा परिषदेने ठराव क्र. १२७२ मंजूर केला आणि ‘अन्टाएट’ हे संक्रमणकालीन प्रशासन जन्माला आलं. प्रमुख होते ब्राझीलचे सर्जिओ व्हिएरा डी मेलो. त्यांच्या पहिल्याच नियमाने कायदे करण्याचे, ते राबवण्याचे आणि न्यायव्यवस्था चालवण्याचे सारे अधिकार त्यांच्याच हाती आले. लोकशाही शिकवायला आलेल्या माणसाच्या हाती पोर्तुगीज गव्हर्नरालाही हेवा वाटावा एवढी सत्ता, आणि बसायला कचेरीही समुद्रकाठची, पोर्तुगीज अमदानीतलीच!

डी मेलो यांना हा विरोधाभास कळत नव्हता असं नाही. त्यांनी आधी १५ जणांची सल्लागार परिषद नेमली, मग चार तिमोरी आणि चार परदेशी सदस्यांचं मंत्रिमंडळ. पण सल्ला घेणं वेगळं आणि खुर्ची देणं वेगळं. परदेशी कर्मचारी बंदरात नांगरलेल्या ‘ऑलिंपिया’ या तरंगत्या हॉटेलात राहत. किनाऱ्यावर बेकार तरुण आणि जळकी घरं. मोहिमेचा खर्च वर्षाला ५० कोटी डॉलरच्या घरात, आणि त्यातला मोठा वाटा मोहिमेच्या स्वतःच्याच पोटात जाई. जिल्हा प्रशासनाचे प्रमुख जारत चोप्रा २००० मध्येच राजीनामा देऊन बाहेर पडले. नंतरच्या लेखाच्या शीर्षकातच त्यांनी या कारभाराला संयुक्त राष्ट्रांची राजेशाही ठरवलं. माझ्या मते हा टोला थोडा जादाच आहे, पण निराधार नाही.

निवडणुका घेण्यात मात्र हे प्रशासन वाकबगार निघालं. सात लाखांहून अधिक रहिवाशांची नोंदणी झाली. सार्वमताच्या दुसऱ्या वर्षदिनी, ३० ऑगस्ट २००१ रोजी, ८८ जागांच्या घटनासभेसाठी मतदान झालं आणि फ्रेटिलिन पक्षाला ५५ जागा मिळाल्या. एप्रिल २००२ मध्ये अध्यक्षपदासाठी स्वातंत्र्यलढ्याचे नेते शनाना गुजमाव यांच्यासमोर फ्रान्सिस्कु शाविएर दु अमाराल उभे राहिले. १९७५ मध्ये जाहीर झालेल्या, जेमतेम नऊ दिवसांच्या स्वातंत्र्याचे तेच पहिले अध्यक्ष. जिंकणार नाही हे त्यांना ठाऊक होतं. पण लोकांना निवड करता यावी म्हणून ते उभे राहिले. गुजमाव यांना ८० टक्क्यांहून अधिक मतं पडली.

२० मे २००२ च्या मध्यरात्री संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस कोफी अन्नान यांनी सत्ता सोपवली. संयुक्त राष्ट्रांनी गाशा मात्र गुंडाळला नाही : पुढच्या मोहिमेची सूत्रं भारताचे कमलेश शर्मा यांच्याकडे गेली. २००६ मध्ये सैनिकांच्या असंतोषातून राजधानीत गोळीबार झाला, पोलीस दल कोलमडलं आणि नवी मोहीम उभारावी लागली. ती २०१२ च्या अखेरीस आटोपली. ‘अन्टाएट’ने २००० मध्ये आणलेला अमेरिकन डॉलर आजही तिथलं अधिकृत चलन आहे, सुट्ट्या पैशांसाठी तेवढी सेंटाव्होची स्वतःची नाणी आहेत.