उघडलेली रक्तवाहिनी आणि वाचलेला पाय

अमेरिकेतील पोर्टलंड येथे डॉ. चार्ल्स डॉटर यांच्यापुढे १९६४ च्या जानेवारीत एक वृद्धा आली. मांडीतील रक्तवाहिनी आकसल्याने तिच्या पायाची बोटे सडू लागली होती. पाय कापण्यावाचून गत्यंतर नाही असे शल्यचिकित्सक सांगत होते आणि बाई त्यास राजी नव्हत्या. डॉटर यांनी कातडीतून नळी सारून ती वाहिनी रुंद केली. पाय वाचला; मृत्यू येईपर्यंत ती वृद्धा आपल्याच पायांनी चालत राहिली. शस्त्र न चालवता पाय वाचवण्याच्या विद्येचा हा आरंभ होता आणि तिचे यश कशावर मोजावे हेही त्याच रुग्णाने दाखवून दिले होते. पुढील साठ वर्षांत या मोजमापाचा विसर अनेकदा पडला. औषधाचा लेप दिलेल्या फुग्यांचा इतिहास याची साक्ष देतो.

डॉटर यांच्या नळीऐवजी झुरिचच्या आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये फुगा आणला. मिटलेला फुगा अडथळ्यापर्यंत न्यायचा, तेथे फुगवायचा आणि पुन्हा मिटवून बाहेर काढायचा, अशी ही युक्ती. हृदयाच्या वाहिन्यांसाठी ती जगभर रूढ झाली. गुडघ्याखाली मात्र तिला मर्यादा पडल्या. पोटरीतील तीन वाहिन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटर रुंदीच्या असतात. मधुमेहाने किंवा मूत्रपिंडाच्या विकाराने ग्रासलेल्या रुग्णांत त्यांच्या भिंतींत कॅल्शियम साचून त्या कडक झालेल्या असतात आणि अडथळेही लांबलचक असतात. शिवाय फुग्याच्या ताणाने भिंतीला इजा होते. ती भरून काढण्याच्या प्रयत्नात स्नायुपेशी बेसुमार वाढतात आणि काही महिन्यांत वाहिनी पुन्हा बुजते.

ही वाढ रोखण्यासाठी पॅक्लिटॅक्सेल या औषधाची निवड झाली. यू वृक्षाच्या सालीत सापडलेले हे औषध कर्करोगावर वापरले जाते, कारण ते पेशींचे विभाजन थांबवते. फुग्यावर त्याचा लेप द्यावा, फुगा फुगलेला असताना ते भिंतीत उतरावे आणि मागे धातूची जाळीही राहू नये, ही कल्पना निःसंशय आकर्षक होती. इटलीतील अरेझ्झो येथे १३२ मधुमेही रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर साध्या फुग्याने उघडलेल्या वाहिन्यांपैकी ७४ टक्के पुन्हा अरुंद झाल्या होत्या. लेपाच्या फुग्याने उघडलेल्यांपैकी केवळ २७ टक्के. मात्र पाय कापावे लागण्याचे प्रमाण दोन्ही गटांत नगण्य होते. म्हणजे वाहिनी अधिक काळ उघडी राहते हे दिसले. पाय अधिक वाचतात हे सिद्ध व्हायचे होते.

त्यासाठी मोठी चाचणी हवी होती आणि ती युरोपात ३५८ रुग्णांवर झाली. कोणाला कोणता फुगा मिळणार हे डॉक्टरांच्या मर्जीवर न ठेवता यदृच्छेने ठरवले गेले: २३९ जणांना लेपाचा, ११९ जणांना साधा. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला निकाल निराशाजनक होता. वाहिनीची रुंदी कमी होण्याचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखेच, म्हणजे ०.६१ आणि ०.६२ मिलिमीटर भरले. घोट्याच्या वर पाय कापावा लागण्याचे प्रमाण लेपाच्या गटात ८.८ टक्के, तर साध्या गटात ३.६ टक्के होते. हा फरक योगायोगाचा असू शकेल असे संख्याशास्त्र सांगत होते. पण त्यात समाधान मानण्यासारखे काही नव्हते. मेडट्रॉनिक कंपनीने हा फुगा २०१३ मध्येच बाजारातून मागे घेतला होता.

येथे त्या ११९ रुग्णांचे महत्त्व ध्यानी येते. ते नसते, तर इतक्या गंभीर रुग्णांत शंभरांतील एक्क्याण्णव पाय वाचले, असा डंका सहज पिटता आला असता. क्ष-किरणांच्या पडद्यावर रक्त धावताना पाहिलेल्या डॉक्टरचा विश्वास प्रामाणिकच असतो. परंतु प्रामाणिक विश्वास हा पुरावा नव्हे. पायाची जखम भरणे हे रक्ताप्रमाणेच जंतुसंसर्गावर, साखरेच्या नियंत्रणावर आणि रोजच्या शुश्रूषेवर अवलंबून असते. वाहिनीचे चित्र यांतील एकच गोष्ट सांगते.

२०१८ च्या डिसेंबरात आणखी एक वादळ उठले. मांडीच्या वाहिन्यांत हे औषध वापरलेल्या रुग्णांत दोन ते पाच वर्षांनंतर मृत्यू अधिक आढळतात, असा निष्कर्ष अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून निघाला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने इशारा दिला आणि अधिक माहिती गोळा झाल्यावर २०२३ मध्ये, वाढीव मृत्यूंचा धोका पुराव्यातून दिसत नाही, असे जाहीर केले. स्वीडनने तर राष्ट्रीय नोंदवहीच्या आधारे दोन हजारांहून अधिक रुग्णांची चाचणी केली. पाय गमावण्याचा धोका असलेल्या रुग्णांत लेपाच्या साधनांनी पाय कापण्याचे प्रमाण घटत नाही, असा तिचा अंतिम निष्कर्ष २०२५ मध्ये आला.

शोध थांबलेला नाही. औषधयुक्त, कालांतराने विरघळणाऱ्या आधारजाळीला २०२४ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळाली. तिच्या २६१ रुग्णांच्या चाचणीतील लाभही मुख्यतः वाहिनी उघडी राहण्याचा आहे. वेदना आणि पुन्हा करावे लागणारे उपचार टळणे हे थोडके नव्हे. पण तो लाभ पाय वाचल्याचा म्हणून विकला जाऊ नये.

हा विवेक भारतात अधिक अगत्याचा आहे. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पाहणीनुसार देशात सुमारे १० कोटी मधुमेही आहेत, हे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. उपचाराचा खर्च अनेकांना कर्ज काढून भागवावा लागतो. अशा कुटुंबाला नव्या साधनाने शिर किती उघडते याबरोबरच पाय किती वाचतात हे विचारण्याचा अधिकार आहे आणि त्याचे सरळ उत्तर देणे हे डॉक्टरांचे कर्तव्य आहे. मधुमेह्याने रोज तळपाय तपासणे, अनवाणी न चालणे, तंबाखू सोडणे आणि लहानशी जखमही वेळीच दाखवणे, यांना फुग्याइतका खर्च येत नाही. पोर्टलंडच्या त्या वृद्धेला आपल्या वाहिनीची रुंदी ठाऊक नव्हती. तिला चालायचे होते. चाचण्यांनी उत्तर द्यायचे आहे ते तिच्या या इच्छेला.