आज्ञावली घडविणारे कार्यगट : रचना आणि जबाबदारी

शासनाच्या अनेक सेवा आज संगणकाच्या मार्गाने नागरिकांपर्यंत पोहोचतात. जमिनीचा उतारा, जन्माचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, शिधापत्रिकेतील नावाची दुरुस्ती अशा कामांसाठी ग्रामस्थ, शिक्षक आणि कर्मचारी या सर्वांनाच संगणकाच्या पडद्यासमोर बसावे लागते. काम मध्येच अडले, की दोष यंत्राला दिला जातो. वस्तुतः यंत्र सांगितले तेवढेच करते. त्याला काय करावयाचे ते सांगणारी आज्ञावली, म्हणजेच सॉफ्टवेअर, माणसे लिहितात. ती माणसे कोणत्या रचनेत काम करतात, यावर आज्ञावली वेळेवर तयार होणे आणि नियम बदलताच तीही तत्परतेने बदलणे, या दोन्ही गोष्टी मोठ्या प्रमाणावर अवलंबून असतात. म्हणूनच या रचनेचा विचार केवळ तज्ज्ञांपुरता मर्यादित ठेवणे योग्य नाही.

माणसे वाढविली म्हणजे काम लवकर होते काय?

भाताची लावणी दहा माणसांऐवजी वीस माणसांनी केली, तर ती लवकर आटोपते. खाचरे वाटून घेता येतात, आणि एकाने काय लावले हे दुसऱ्याला विचारावे लागत नाही. आज्ञावलीचे काम असे नाही. तिचा प्रत्येक भाग दुसऱ्या भागाशी जोडलेला असतो. त्यामुळे ती लिहिणाऱ्यांना एकमेकांशी सतत विचारविनिमय करावा लागतो. पाच जणांच्या गटात परस्पर संवादाच्या जोड्या १० होतात, दहा जणांत ४५, तर पन्नास जणांत १,२२५. माणसे दहापट झाली, तर जोड्या शंभरपटीहून अधिक वाढतात.

अमेरिकेतील आयबीएम कंपनीच्या ‘सिस्टिम ३६०’ या संगणकासाठी १९६०च्या दशकात मूलभूत आज्ञावली तयार करण्यात आली. त्या कामाचे नेतृत्व केलेल्या फ्रेडरिक ब्रुक्स यांनी आपला अनुभव १९७५ साली ‘द मिथिकल मॅन-मंथ’ या ग्रंथात मांडला. उशीर झालेल्या आज्ञावलीच्या कामावर ऐनवेळी आणखी माणसे नेमली, तर ते काम अधिकच लांबते, असा त्यांचा निष्कर्ष होता. नव्या माणसांना शिकविण्यात जुन्यांचा वेळ जातो आणि संवादाचा भार वाढतो.

जशी संघटना, तशी आज्ञावली

त्यापूर्वी, १९६८ साली, मेल्विन कॉनवे या संगणकतज्ज्ञाने एका लेखात आणखी एक महत्त्वाचे निरीक्षण नोंदविले होते. एखादी संघटना जी प्रणाली घडविते, तिच्यात त्या संघटनेतील संवादाच्या रचनेचीच प्रतिकृती उमटते, असे ते निरीक्षण होय. समजा, एका सेवेसाठी अर्ज स्वीकारण्याचे काम एका संस्थेकडे, ओळख पडताळण्याचे दुसरीकडे आणि निर्णय कळविण्याचे तिसरीकडे सोपविले, व या तिन्ही संस्थांचा पत्रव्यवहार केवळ वरिष्ठ कार्यालयामार्फत होतो. अशा वेळी आज्ञावलीचेही तीन सुटे तुकडे तयार होतात. प्रत्येक तुकडा आपल्या जागी ठीक चालतो, परंतु अर्जदाराचे काम नेमके दोन तुकड्यांच्या सांध्यात अडकते. आणि तो सांधा कोणाच्याच जबाबदारीत नसतो.

अमेरिकेतील एक बोलके उदाहरण

या दोन्ही तत्त्वांचा प्रत्यय अमेरिकेत २०१३ साली आला. तेथे २०१० साली संमत झालेल्या आरोग्यविषयक कायद्यानुसार, ज्यांच्याकडे विमा नव्हता अशा नागरिकांना ‘हेल्थकेअर डॉट गव्ह’ या शासकीय संकेतस्थळावरून तो निवडता येणार होता. पूर्वीच्या आजाराचे कारण दाखवून विमा नाकारण्यास १ जानेवारी २०१४ पासून मनाई होणार होती. वर्षानुवर्षे विम्यापासून वंचित राहिलेल्या रुग्णांच्या दृष्टीने ही नोंदणी म्हणजे उपचारांचे दार उघडणेच होते.

संकेतस्थळ १ ऑक्टोबर २०१३ रोजी खुले झाले. लक्षावधी लोकांनी ते उघडून पाहिले. पहिल्या दिवशी नोंदणी पूर्ण झाली ती अवघ्या ६ जणांची. या कामात पन्नासहून अधिक कंत्राटदार गुंतलेले होते. प्रत्येकाचा करार वेगळा, कामाची हद्द वेगळी. सर्व भाग एकत्र जोडून आरंभापासून अखेरपर्यंत चाचणी झाली, ती उद्घाटनापूर्वीच्या शेवटच्या दोन आठवड्यांत. संपूर्ण सेवा नीट चालते की नाही, यासाठी उत्तरदायी असे स्पष्ट नेतृत्व नव्हते, असे शासनाच्याच महानिरीक्षक कार्यालयाने २०१६च्या अहवालात नमूद केले.

ऑक्टोबरच्या उत्तरार्धात दुरुस्तीचे काम हाती घेण्यात आले. बाहेरून आलेल्या तज्ज्ञांची संख्या मोठी नव्हती; मोठा बदल झाला तो कार्यपद्धतीत. शासकीय कर्मचारी आणि निरनिराळ्या कंपन्यांची माणसे, कोण कोणाच्या नोकरीत आहे हे बाजूला ठेवून, एक गट म्हणून काम करू लागली. दिवसातून दोनदा बैठक होई. बैठकीत दोषारोप करावयाचे नाहीत, आणि अधिकाराने मोठा असेल त्याने नव्हे, तर त्या विषयाची सर्वांत अधिक माहिती असेल त्याने बोलावयाचे, असे नियम ठरले. प्रणालीची प्रकृती एका दृष्टिक्षेपात दाखविणारा फलक सर्वांसमोर आला. कोणते दोष आधी दूर करावयाचे, याचा क्रम कठोरपणे लावण्यात आला.

याचे फळ दोन महिन्यांच्या आत दिसले. नोव्हेंबरअखेरपर्यंत ४०० हून अधिक दोष दूर झाले. एखादे पान उघडण्यास लागणारा सरासरी ८ सेकंदांचा वेळ १ सेकंदाच्या आत आला, आणि त्रुटींचे प्रमाण ६ टक्क्यांवरून १ टक्क्याच्या खाली गेले. पुढे एका लहान गटाने अर्जाची नव्याने मांडणी केली. त्यामुळे साधी परिस्थिती असलेल्या बहुसंख्य अर्जदारांना २०१४च्या अखेरच्या नोंदणीत ७६ ऐवजी १६ पडदेच भरावे लागले.

योग्य रचना कोणती?

अशा अनुभवांतून आज जी रचना मान्यता पावली आहे, तिचे मुख्य सूत्र सोपे आहे. गट लहान असावा, पण त्याची जबाबदारी पूर्ण असावी. नियम जाणणारा, नागरिकांची अडचण समजून घेणारा, पडद्याची मांडणी व भाषा ठरविणारा, आज्ञावली लिहिणारा, ती तपासणारा आणि चालू ठेवणारा, अशी सर्व माणसे एकाच गटात असावीत. एका सेवेचा आरंभ ते अखेर हा गट सांभाळतो. काम संपताच तो मोडला जात नाही, कारण नियम बदलत राहतात आणि सेवेची खरी माहिती त्या माणसांपाशीच असते.

ब्रिटनमध्ये २०११ साली ‘गव्हर्नमेंट डिजिटल सर्व्हिस’ या विभागाने अशा बहुविध कौशल्यांच्या गटांच्या आधारे काम सुरू केले. ऑक्टोबर २०१२ मध्ये शासनाचे एकत्रित संकेतस्थळ सुरू झाले. शासकीय सेवेसाठी असा गट असलाच पाहिजे, ही तेथील सेवा-मानकांतील एक अट आहे.

प्रत्येक गटाने सर्वच गोष्टी नव्याने कराव्यात, असा मात्र याचा अर्थ नाही. ओळख पडताळणी, पैशांचा भरणा, माहितीचा साठा यांसारख्या समाईक सोयी एका स्वतंत्र गटाने तयार ठेवाव्यात आणि इतरांनी त्या वापराव्यात. मॅथ्यू स्केल्टन आणि मॅन्युएल पाइश यांनी २०१९ साली ‘टीम टोपोलॉजीज’ या पुस्तकात ही मांडणी केली आहे. तीत सेवा सांभाळणारे गट, समाईक सोयी पुरविणारे गट, अतिशय किचकट भाग सांभाळणारे गट आणि इतरांना नवे कौशल्य शिकविणारे गट असे चार प्रकार सांगितले आहेत.

पथ्ये

लहान गट नेमूनही, प्रत्येक लहानसहान बदलासाठी त्याला चार कार्यालयांची संमती घ्यावी लागत असेल, तर गती येणार नाही. दुसरीकडे, स्वातंत्र्य म्हणजे बेशिस्त नव्हे. प्रत्येक बदल लहान असावा, त्याची स्वयंचलित तपासणी व्हावी आणि चुकल्यास तो त्वरित मागे घेता यावा. घाई केल्यास बिघाड वाढतील, अशी भीती अनेकांना वाटते. परंतु जे गट लहान बदल वारंवार करतात, त्यांच्या प्रणाली अधिक स्थिरही असतात, असे २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘अ‍ॅक्सेलरेट’ या पुस्तकातील संशोधनात आढळले आहे.

शासकीय कार्यालयांनी कंत्राट देताना यापासून बोध घेणे आवश्यक आहे. कामाचे तुकडे किती करावयाचे, याबरोबरच ते तुकडे जोडण्याची जबाबदारी कोणाची, हे आधी ठरले पाहिजे. सेवेचे नियम जाणणारा आपला एक अधिकारी कार्यगटात पूर्ण वेळ बसविला, तर महिनोन्‌महिने चालणारा पत्रव्यवहार वाचू शकतो. अर्ज भरताना लोक कोठे अडतात, हे गावातील शिक्षक व ग्रामस्थ रोज पाहत असतात. त्यांचे म्हणणे आज्ञावली लिहिणाऱ्यापर्यंत मधल्या हातांविना पोहोचण्याची सोय व्हावी. एखाद्या वृद्ध शेतकऱ्याचा उतारा किंवा एखाद्या विद्यार्थिनीची शिष्यवृत्ती कोणत्या सांध्यात अडकली आहे, हे शोधून ती अडचण दूर करणारा गट ज्या सेवेमागे उभा असतो, तीच सेवा लोकांच्या खऱ्या उपयोगी पडते.